बालकांचे आणि गरिबांचे वैद्य : इब्न अल-जज्जार



तापाने फणफणलेले मूल कडेवर घेऊन औषधांच्या दुकानासमोर उभी असलेली आई आपण कधी ना कधी पाहिली असेल. तिच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते. दुकानदार हिशेब सांगतो. ती क्षणभर थांबते, पदराची गाठ चाचपते आणि हलक्या आवाजात विचारते की, यातली दोनच औषधे दिली तर चालतील का? आजाराचे निदान झालेले असते, औषधही समोरच्या फळीवर असते, तरीही ते त्या लेकरापर्यंत पोहोचत नाही. रोग आणि उपचार यांच्यामध्ये गरिबी उभी राहते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्याला शिकविले आहे की, अल्लाहने ज्या रोगाची निर्मिती केली त्याच्यासाठी उपचारही निर्माण केला. उपचार निर्माण करणे हे त्या दयावंताचे कार्य. परंतु तो उपचार पीडितापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची? ज्याला अल्लाहने वैद्यकाचे ज्ञान दिले, त्याची जबाबदारी चिठ्ठी लिहून संपते काय? आणि जो आजारी जीव आपले दुखणे बोलूनही दाखवू शकत नाही, अशा तान्ह्या बालकाच्या बाबतीत ही जबाबदारी किती वाढते?

सुमारे अकराशे वर्षांपूर्वी जन्मलेल्या एका वैद्याने या प्रश्नांची उत्तरे आपल्या आचरणातून आणि लेखणीतून दिली. त्यांचे नाव अबू जाफर अहमद इब्न इब्राहीम. इतिहास त्यांना इब्न अल-जज्जार या नावाने ओळखतो. चला, आज त्यांच्या जीवनाचे अवलोकन करू या.

कैरवान : ज्ञानाची नगरी

उत्तर आफ्रिकेतील आजच्या ट्युनिशिया देशात कैरवान नावाचे शहर आहे. इ.स. 670 मध्ये सेनापती उक्बा इब्न नाफे यांनी ते वसविले. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी तेथील भव्य मशीद आजही उभी आहे. समुद्रापासून दूर, कोरड्या मैदानी प्रदेशात वसलेल्या या शहराला पाण्याची नेहमीच टंचाई असे. म्हणून अग्लबी राज्यकर्त्यांनी शहराबाहेर विशाल गोलाकार जलाशय बांधले. त्यांच्याच काळात दिमना नावाच्या वस्तीत रुग्णालयही उभे राहिले होते. कुरआन, हदीस आणि फिकह यांच्या अध्ययनाबरोबरच वैद्यक, गणित आणि इतिहास यांचेही अध्ययन तेथे चाले. मालिकी विचारधारेचे नामवंत विद्वान याच शहरात घडले.

अशा नगरीत नवव्या शतकाच्या अखेरीस अबू जाफर यांचा जन्म झाला. अरबी भाषेत जज्जार म्हणजे खाटीक. पूर्वजांपैकी कोणाच्या व्यवसायावरून हे नाव पडले असावे. परंतु अबू जाफर यांच्या जन्मापर्यंत घराण्यात वैद्यकी आलेली होती. त्यांचे वडील इब्राहीम वैद्य होते आणि चुलते अबू बक्र हेही वैद्यच होते. घराण्याच्या व्यवसायावरून माणसाची प्रतिष्ठा ठरविण्याची खोड आपल्याही समाजात शिल्लक आहे. तिच्यावर भाष्य करण्याची गरज अबू जाफर यांना कधी पडली नाही. खाटिकाचा पुत्र हेच नाव त्यांनी आयुष्यभर धारण केले आणि त्याच नावाने ते अमर झाले.

वडील आणि चुलते यांच्याकडून प्राथमिक ज्ञान मिळाल्यावर त्यांना इसहाक इब्न सुलैमान अल-इस्राईली यांचे शिष्यत्व लाभले. इसहाक हे यहुदी होते. ते दहाव्या शतकाच्या आरंभी इजिप्तहून कैरवानला आले होते आणि ज्वर, आहार व मूत्रपरीक्षा या विषयांवरील त्यांच्या ग्रंथांना मोठी मान्यता होती. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. एका यहुदी गुरूने एका मुस्लिम शिष्याला आपले ज्ञान हातचे न राखता दिले आणि त्या शिष्यानेही ते आदराने स्वीकारले. आजार धर्म विचारून येत नाही, तेव्हा त्यावरील ज्ञानालाही धर्माची भिंत असता कामा नये, हे त्या काळच्या कैरवानला ठाऊक होते.

दारातली ओसरी

शिक्षण पूर्ण झाल्यावर अबू जाफर यांनी आपल्या घरीच रुग्ण तपासण्यास प्रारंभ केला. त्यांची कार्यपद्धती कशी होती याचे वर्णन कुर्तुबाचे वैद्य-इतिहासकार इब्न जुलजुल यांनी दहाव्या शतकातच लिहून ठेवले आणि पुढे तेराव्या शतकात इब्न अबी उसैबिआ यांनी ते आपल्या ग्रंथात घेतले. हे वर्णन लहानसे आहे, परंतु त्यात एका संपूर्ण जीवनदृष्टीचे दर्शन घडते.

घराच्या दाराशी एक ओसरी होती. तेथे त्यांनी रशीक नावाच्या आपल्या सेवकाला बसविले होते. रशीकसमोर शरबते, माजून आणि निरनिराळी तयार औषधे मांडलेली असत. सकाळी रुग्ण किंवा त्यांचे नातलग येत. त्या काळी रोग ओळखण्याचा एक मुख्य मार्ग म्हणजे मूत्रपरीक्षा. म्हणून लोक काचपात्रात रुग्णाचे मूत्र घेऊन येत. त्याचा रंग, गढूळपणा आणि तळाशी साचलेला गाळ पाहून वैद्य अनुमान बांधीत असे. अबू जाफर ही परीक्षा करीत, विचारपूस करीत, उपचार सांगत आणि मग रुग्णाला ओसरीवर रशीककडे पाठवीत. तेथे त्याला औषध मिळे.

ही व्यवस्था त्यांनी का केली? इतिहासकार कारण स्पष्ट सांगतात. स्वतःच्या हाताने कोणाकडूनही काही स्वीकारणे त्यांच्या मनाला रुचत नव्हते. औषधांचा जो काही व्यवहार असेल तो ओसरीवर होई. तपासणीच्या जागी पैशाला प्रवेश नव्हता.

या व्यवस्थेचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. वैद्याच्या हातात रुग्णाची नाडी असते तेव्हा त्याच्या मनात दुसरा कोणताही हिशेब नसावा. समोरचा माणूस किती देऊ शकेल हा विचार एकदा मनात शिरला की डोळ्यांना रोग दिसण्याआधी कपडे दिसू लागतात. श्रीमंताच्या साध्या सर्दीला अर्धा तास मिळतो आणि मजुराच्या मुलाच्या खोकल्याला अर्धे मिनिट. अबू जाफर यांनी या मोहाचा बंदोबस्त घराच्या रचनेतच करून टाकला. आपले मन शुद्ध आहे एवढ्यावर त्यांनी विसंबून राहणे पसंत केले नाही. मोहाची वाटच बंद करून घेतली. ईशभय बाळगणाऱ्या माणसाचे हेच लक्षण असते.

काझींचा नजराणा

अबू जाफर यांच्या हयातीत कैरवानच्या परिसराने मोठी उलथापालथ पाहिली. इ.स. 909 मध्ये अग्लबी घराण्याचा अंत होऊन फातिमी सत्ता आली. इ.स. 944 च्या सुमारास अबू यजीदच्या बंडात कैरवान भरडले गेले. नवे राज्यकर्ते आणि शहरातील मालिकी विद्वान यांच्यात तीव्र मतभेद होते. अशा काळात दरबाराच्या जवळ जाणारा माणूस पाहता पाहता श्रीमंत होई आणि तितक्याच वेगाने मिंधाही होई.

अबू जाफर यांनी दरबारापासून दूर राहण्याचे व्रत पाळले. ते शहरातील लोकांच्या जनाजात आणि लग्नप्रसंगी आवर्जून हजर राहत, परंतु तेथे जेवत नसत. कोणत्याही सत्ताधाऱ्याच्या किंवा धनवंताच्या घरी ते जात नसत. याला एकच अपवाद होता. खलीफा माअद, म्हणजेच अल-मुइज्ज यांचे चुलते अबू तालिब हे त्यांचे जुने स्नेही होते. दर शुक्रवारी ते त्यांना भेटून येत. ही भेट मैत्रीपुरतीच असे. यावरून लक्षात येते की, त्यांच्या मनात व्यक्तींविषयी वैर नव्हते. त्यांना उपकारांचे ओझे नको होते.

याच संदर्भात इब्न जुलजुल यांनी एक प्रसंग नोंदविला आहे. एके दिवशी ओसरी रुग्णांनी भरून गेली होती. तेवढ्यात तेथे एक प्रतिष्ठित तरुण आला. तो राज्याचे प्रमुख काझी नुअमान यांचा पुतण्या होता आणि काझींच्या गैरहजेरीत त्यांचे काम पाहत असे. कोठेही जागा नव्हती म्हणून तो अबू जाफर यांच्याच आसनावर बसला. अबू जाफर बाहेर आले, तेव्हा तो उठून उभा राहिला. त्यांनी त्याची विशेष सरबराई केली नाही, त्याला बसावयासही सांगितले नाही. त्याने आपल्या आजारी चुलतभावाचे, म्हणजे काझींच्या मुलाचे, मूत्राचे पात्र पुढे केले. अबू जाफर यांनी ते काळजीपूर्वक पाहिले, सविस्तर उपचार सांगितला आणि तो उभ्याउभ्याच निघून गेला. तो तरुण रोज येत राहिला. मुलगा बरा होईपर्यंत हा क्रम चालू राहिला.

पुढे एके सकाळी काझींचा दूत आभाराचे पत्र घेऊन आला. सोबत रुमालात बांधलेला किमती पोशाख आणि 300 मिस्काल होते. सोन्याच्या वजनात ही रक्कम सव्वा किलोच्या आसपास जाते. अबू जाफर यांनी पत्र वाचले, त्याला कृतज्ञतेचे उत्तर लिहून दिले आणि पोशाख व रक्कम जशीच्या तशी परत पाठविली. तेथे हजर असलेल्या एका गृहस्थाला राहवले नाही. ही तर अल्लाहने धाडलेली रोजी आहे, ती का नाकारता, असे त्याने विचारले. त्यावर अबू जाफर यांनी अल्लाहची शपथ घेऊन सांगितले की, माअदच्या माणसांचे उपकार ते आपल्यावर होऊ देणार नाहीत.

वाचकहो, या प्रसंगाच्या दोन बाजू आहेत. नजराणा नाकारण्याची बाजू आपल्या नजरेत लगेच भरते. दुसरी बाजू अधिक मोलाची आहे. ज्या दरबाराचे उपकार नकोत, त्या दरबाराच्या मुलावर उपचार करण्यात त्यांनी कणभरही कसूर केली नाही. मोठ्या घराण्याचा म्हणून त्याला मान मिळाला नाही आणि विरोधी गटाचा म्हणून त्याची हेळसांडही झाली नाही. ओसरीवर बसलेल्या सामान्य माणसाच्या मुलाला जे मिळत होते, तेच काझींच्या मुलालाही मिळाले. न्याय याहून वेगळा काय असतो?

बालकांसाठी एक ग्रंथ

अबू जाफर यांनी अनेक ग्रंथ लिहिले. त्यांपैकी एकाचे नाव सियासतुस्सिब्यान व तदबीरुहुम, म्हणजे बालकांचे संगोपन आणि त्यांची निगा. त्या काळापर्यंत वैद्यकाच्या मोठ्या ग्रंथांत बालरोगांविषयी विखुरलेले उल्लेख असत. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ माणूस नव्हे, त्याची प्रकृती वेगळी, त्याचे आजार वेगळे आणि म्हणून त्याची निगाही वेगळी, या जाणिवेने लिहिलेले स्वतंत्र व परिपूर्ण पुस्तक दुर्मीळ होते. ती उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी हा 22 प्रकरणांचा ग्रंथ रचला.

ग्रंथाचा प्रारंभ आजारापासून होत नाही, निरोगी बालकापासून होतो. नवजात अर्भकाला जन्मल्याबरोबर कसे सांभाळावे, त्याची झोप आणि त्याचे दूध कसे असावे, याचे विवेचन आधी येते. नंतर दूध पाजणाऱ्या स्त्रीकडे लेखक वळतात. तिची प्रकृती कशी असावी, तिने काय खावे, दूध चांगले आहे की नाही हे कसे ओळखावे आणि ते बिघडल्यास काय करावे, हे ते सांगतात. बाळाचे आरोग्य आईच्या किंवा दाईच्या ताटापासून सुरू होते, हा आजचा सर्वमान्य विचार त्यांच्या मांडणीत स्पष्टपणे दिसतो.

हा विषय मुस्लिम वाचकाच्या काळजाला भिडणारा आहे. दिव्य कुरआनने मातांनी दोन वर्षांपर्यंत बालकांना स्तनपान देण्याचा उल्लेख केला आणि त्या काळात आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी पित्यावर टाकली. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) जन्मापूर्वीच पित्याच्या छत्राला मुकले होते आणि ह. हलीमा (रजि.) यांच्या दुधावर वाढले होते. एका अनाथ बालकाला दूध पाजणाऱ्या स्त्रीचे स्थान आपल्या इतिहासात किती उंच आहे, हे वेगळे सांगावयास नको. अबू जाफर यांनी त्या आदराला वैद्यकीय ज्ञानाची जोड दिली.

यानंतरची प्रकरणे आजारांची आहेत. डोक्यापासून प्रारंभ करून क्रमाने खाली येण्याची त्या काळची पद्धत त्यांनी येथेही पाळली. डोळ्यांची सूज, कानाचे विकार, आकडी, दात येतानाचा त्रास, तोंड येणे, खोकला, उलट्या, जुलाब, पोटातील जंत अशा एकेका दुखण्याची कारणे, लक्षणे आणि उपचार ते सांगत जातात. कोणत्याही आईला विचारा, ही यादी तिच्या ओळखीची निघेल. यात राजघराण्यात होणारे दुर्मीळ रोग नाहीत. झोपडीतल्या पाळण्यापाशी रात्र जागवणारी दुखणी आहेत.

अर्थात, त्या काळचे वैद्यक रक्त, कफ आणि दोन प्रकारचे पित्त या चार दोषांच्या सिद्धांतावर उभे होते आणि त्यातील औषधयोजना आज जशाच्या तशा वापरण्यासाठी नाहीत. आजच्या बालकाला आजच्या वैद्यकाचीच गरज आहे. परंतु ज्या बारकाईने आणि ममतेने या माणसाने लहान मुलांकडे पाहिले, ती दृष्टी मात्र कधी जुनी होणार नाही.

अखेरचे प्रकरण तर फार सुंदर आहे. त्यात औषध नाही. मुलांचे स्वभाव आणि त्यांना लावावयाच्या सवयी यांविषयी ते लिहितात. बालपणी मन कोवळे असते, त्याला अजून वाईट सवयींनी घेरलेले नसते, म्हणून संस्कार याच वयात सहज रुजतात, असा त्यांचा आशय आहे. शरीराची निगा आणि चारित्र्याची घडण ही दोन्ही कामे एकाच ग्रंथात यावीत, यावरून मूल ही अल्लाहची संपूर्ण अमानत आहे आणि तिच्या कोणत्याही एका भागाची हेळसांड चालणार नाही, हीच शिकवण आपल्याला मिळते.

गरिबांच्या हाताला येईल असे औषध

अबू जाफर यांचा सर्वांत गाजलेला ग्रंथ म्हणजे जादुल मुसाफिर व कूतुल हाजिर. प्रवाशाची शिदोरी आणि घरी असणाऱ्याचे अन्न, असा या नावाचा अर्थ. डोक्यापासून पायापर्यंतचे विकार, ज्वर आणि विषबाधा यांची सात भागांत मांडणी असलेला हा ग्रंथ जेथे वैद्य मिळत नाही तेथे उपयोगी पडावा, अशा हेतूने लिहिलेला होता. तो लोकप्रिय झाला, वैद्यांनी नावाजला, कवींनी त्याची प्रशंसा केली. दुसरा एखादा लेखक एवढ्यावर कृतार्थ झाला असता.

परंतु ओसरीवर बसणाऱ्या माणसाला दुसरेच काही दिसत होते. त्या ग्रंथातील कित्येक औषधांत केशर, कस्तुरी आणि दूरदेशीचे मसाले यांसारखी महाग द्रव्ये लागत. ग्रंथ बरोबर होता, निदान बरोबर होते, औषधही बरोबर होते. गरिबाला मात्र ते विकत घेणे शक्य नव्हते. कैरवानच्या मजुराची पत्नी आणि औषधांच्या दुकानासमोर उभी असलेली ती आई, या दोघींचे दुःख एकच होते.

म्हणून त्यांनी पुन्हा लेखणी हाती घेतली आणि तिब्बुल फुकरा वल मसाकीन, म्हणजे गरीब व गरजू लोकांचे वैद्यक, हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपल्या आधीच्या ग्रंथातील उपचार अनेक गरिबांना परवडत नाहीत, हे पाहूनच आपण हे पुस्तक लिहीत आहोत, हे त्यांनी प्रस्तावनेतच नमूद केले. या पुस्तकात थोड्या खर्चात आणि थोड्या कष्टात मिळतील अशीच औषधे निवडली. एखादे द्रव्य न मिळाल्यास त्याऐवजी काय वापरावे, या विषयावरही त्यांनी वेगळे लेखन केले.

वाचकहो, एका विद्वानाने स्वतःच्याच गाजलेल्या ग्रंथाची मर्यादा मान्य करावी, ही साधी गोष्ट नाही. विद्वत्तेला अवघडपणाचे आकर्षण असते. दुर्मीळ औषध लिहून देणारा वैद्य मोठा वाटतो आणि परसातल्या पाल्याने बरा करणारा लहान. अबू जाफर यांनी हा अहंकार सोडला. गरिबाला दान देऊन त्याला कायमचे आपल्या दारात उभे करण्याऐवजी त्यांनी त्याच्या हातात ज्ञान दिले. दिलेली औषधाची पुडी एका दिवसात संपते. परवडणाऱ्या औषधाचे ज्ञान शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जात राहते. मृत्यूनंतरही ज्याचे पुण्य चालू राहते अशा कर्मांत प्रेषितांनी (स.) लाभदायक ज्ञानाची गणना केली आहे, ती उगीच नव्हे.

समुद्रकाठचा रिबात

एवढ्या कार्याला बळ कोठून मिळत होते? याचे उत्तरही चरित्रकारांनी देऊन ठेवले आहे. दर उन्हाळ्यात अबू जाफर कैरवान सोडून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील मुनस्तीरच्या रिबातात जाऊन राहत. रिबात म्हणजे सीमेवरील तटबंदीचे ठाणे. तेथे राहणारे लोक किनाऱ्याचे रक्षण करीत आणि उरलेला वेळ नमाज, कुरआनपठण व अल्लाहच्या स्मरणात घालवीत. मुनस्तीरचा हा रिबात आठव्या शतकाच्या अखेरीस बांधला गेला आणि त्याच्या भिंती आजही समुद्राकडे पाहत उभ्या आहेत.

उन्हाळा सरेपर्यंत ते तेथील साधे जीवन जगत आणि मग आपल्या ओसरीवर परत येत. सेवा करणारा माणूस कधी कधी सेवेनेच थकतो. रोजचे दुःख पाहून त्याचे मन निबर होते, किंवा लोकांच्या स्तुतीने ते फुगते. दोन्ही संकटांवर एकच उपाय आहे; आपण कोणाचे दास आहोत, याचे स्मरण. दिव्य कुरआनमध्ये अशा सज्जनांचे वर्णन आले आहे, जे अल्लाहच्या प्रेमाखातर गरीब, अनाथ आणि कैदी यांना अन्न देतात आणि त्यांच्याकडून मोबदल्याची किंवा आभाराचीही अपेक्षा ठेवत नाहीत. काझींचा नजराणा परत करणारा हात कोठे घडला असेल, हे मुनस्तीरच्या त्या उन्हाळ्यांकडे पाहिल्यावर उमजते.

अखेर आणि वारसा

ऐंशीहून अधिक वर्षांचे आयुष्य लाभून इ.स. 979 च्या सुमारास अबू जाफर यांनी कैरवानमध्येच अखेरचा श्वास घेतला. अंदलुसला, म्हणजे मुस्लिम स्पेनला, जाण्याची त्यांची इच्छा होती; ती पूर्ण झाली नाही. त्यांच्यामागे 24,000 दीनार आणि 25 किंतार वजनाचे ग्रंथ निघाले. किंतार म्हणजे शंभर रतल; यावरून त्या ग्रंथसंग्रहाची कल्पना यावी.

24,000 दीनारांचा आकडा वाचून कदाचित आपल्या मनात प्रश्न उभा राहील. जो हाताने काही घेत नव्हता, त्याच्याकडे एवढे धन कसे? हा प्रश्न टाळण्याचे कारण नाही. अबू जाफर हे फकीर नव्हते आणि इस्लामने वैद्याला फकीर होण्याची सक्तीही केलेली नाही. प्रामाणिक व्यवसायातून मिळणारे धन हलाल आहे. त्यांनी धन निषिद्ध मानले नव्हते. तपासणीच्या क्षणी होणारी देवघेव आणि सत्तेचे उपकार या दोन गोष्टी त्यांनी निषिद्ध मानल्या होत्या. आजच्या डॉक्टरांना हे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. संसार सांभाळून, व्यवसाय सांभाळूनही गरिबाचे मूल औषधावाचून परतणार नाही अशी व्यवस्था करता येते, हे यातून सिद्ध होते.

ते स्वतः अंदलुसला पोहोचले नाहीत, पण त्यांचे ज्ञान पोहोचले. उमर इब्न हफ्स नावाचा एक अंदलुसी वैद्य कैरवानला आला, सहा महिने त्यांच्याजवळ राहून शिकला आणि परत जाताना जादुल मुसाफिरची प्रत घेऊन गेला. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून इटलीला गेलेल्या कॉन्स्टंटाइनने हा ग्रंथ लॅटिन भाषेत आणला, परंतु त्यावर मूळ लेखकाचे नाव ठेवले नाही. ग्रीक आणि हिब्रू भाषांतही त्याची भाषांतरे झाली. युरोपातील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी तो अनेक शतके अभ्यासला. ज्याने आयुष्यभर नजराणा नाकारला, त्याच्या ज्ञानाचा लाभ अनोळखी देशांतील अनोळखी रुग्णांनी, त्याचे नावही न घेता, घेतला. मोबदला अल्लाहकडे मागणाऱ्या माणसाचे यात काय बिघडले?

आपल्यासाठी काय?

बंधू-भगिनींनो, चरित्रे कौतुक करण्यासाठी वाचली तर ती पुस्तकातच राहतात. अबू जाफर यांचे चरित्र आपल्यापैकी प्रत्येकाला काही विचारीत आहे.

आपण डॉक्टर असाल, तर ते विचारतात की, तुमच्या दवाखान्यात ती ओसरी कोठे आहे? आठवड्यातील एखादी सकाळ, ज्या वेळी पैशाचा विषयच निघणार नाही, अशी ठरविता येईल काय? महागड्या औषधाऐवजी तितकेच गुणकारी स्वस्त औषध लिहिताना तुमची लेखणी अडखळते काय? आपण औषधविक्रेते असाल, तर रशीकची जागा तुमची आहे. वैद्याची नियत कितीही शुद्ध असली, तरी ओसरीवर बसलेला माणूस विश्वासू नसता तर सारे व्यर्थ गेले असते. आपण सधन असाल, तर आपल्या वस्तीतील किती बालके औषधावाचून अर्धवट बरी होतात, हे जकात आणि सदक्याचा हिशेब करताना एकदा विचारून पाहा. मात्र विचारताना त्या मुलाचा धर्म विचारू नका. आणि आपण यांपैकी काहीही नसाल, तरी सरकारी रुग्णालयाच्या रांगेत गोंधळून उभ्या असलेल्या आईला योग्य खिडकीपर्यंत नेणे तर आपल्या हातात आहे. एका जिवाला वाचविणे म्हणजे सर्व मानवजातीला वाचविणे, अशी दिव्य कुरआनची शिकवण आहे आणि तिच्यात लहान जीव, मोठा जीव असा भेद नाही.

कैरवानच्या त्या घरातील ओसरी केव्हाच काळाच्या उदरात गेली असेल. पण चिठ्ठी हातात धरून दुकानासमोर उभी असलेली आई आजही तेथेच आहे आणि तिच्या कडेवरचे मूल अजून तापाने तळमळत आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी आपल्याला मिळालेल्या ज्ञानाचा आणि धनाचा हिशेब होईल, तेव्हा तिचाही विषय निघेल.

अल्लाह अबू जाफर इब्न अल-जज्जार यांच्यावर कृपा करो, आपल्या सर्व आजारी बालकांना आरोग्य देवो आणि आपल्या ज्ञानाचा व कमाईचा काही अंश त्यांच्या पाळण्यापर्यंत पोहोचविण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.